थायरॉइडची गोळी आणि उरलेलं वजन

वर्षभरात वजन आठ किलोंनी वाढलं, तेव्हा घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. सासूबाईंच्या मते बँकेतली बैठी नोकरी, नवऱ्याच्या मते कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी. मला मात्र दुसरंच खटकत होतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये मी पायमोजे घालून झोपत होते. आवाज घोगरा, पोट साफ नाही, आणि बांगड्या साबण लावल्याशिवाय निघेनात.

डॉक्टर मॅडमनी रक्त तपासायला पाठवायच्या आधी मला खुर्चीवर गुडघे टेकवायला सांगितले, पावलं मागे अधांतरी. टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी टेकवली तसं पाऊल झटकन हललं, पण जागेवर परतताना चांगलंच रेंगाळलं. "बघा, स्नायूसुद्धा आळसावलाय," त्या म्हणाल्या. रिपोर्ट आला तो त्याच वळणाचा: टीएसएच हे संप्रेरक 22, वरची मर्यादा साधारण 4 ते 5. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी तिला कामाला लावण्यासाठी टीएसएच वाढवत राहते, म्हणून आकडा जास्त म्हणजे काम कमी. अँटिबॉडीही वाढलेल्या होत्या. निदान झालं हाशिमोटो. 1912 साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी याचं वर्णन केलं होतं. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते, त्यामुळे आयोडीनयुक्त मीठ खाऊनही हा आजार होतो.

थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड जे संप्रेरक बनवते त्याचीच, गोळी सुरू झाली. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या-एक तासानंतर. आमच्या घरात सकाळ चहानेच होते, त्यामुळे खरी परीक्षा तिथेच. शेवटी बाटली उशाशीच ठेवली, जाग आली की गोळी. कॅल्शियमची गोळी मात्र चार तास लांब, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलंच जात नाही. डोस बदलला की सहा-आठ आठवडे थांबून पुन्हा टीएसएच. त्याआधीच्या आकड्याला अर्थ नसतो.

थंडी वाजायची थांबली, बांगड्या सुटल्या. वजन उतरलं ते तीन किलो. मी तक्रार केली तर मॅडम हसल्या. थायरॉइडमुळे वाढतं ते बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी, तेवढं गेलं. उरलेल्याचा हिशेब वेगळा मांडायचा. कोबी-फ्लॉवर बंद करू का विचारलं, तर शिजवून खुशाल खा म्हणाल्या. (थायरॉइड असेल तर ते बंद करा, हा सल्ला आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज फिरतो.)

मध्येच एक गंमत झाली. केस गळतात म्हणून पार्लरवालीने बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या रिपोर्टात टीएसएच एकदम खाली. डोस कमी करायच्या आधी मॅडमनी विचारलं, "केसांसाठी काही घेताय का?" बायोटिनमुळे कित्येक यंत्रांवर हा आकडा खोटा येतो. ते बंद करून पुन्हा तपासलं, सगळं जागेवर.

उरलेलं वजन होतं रात्रीत. साडेदहाला जेवण, मग मालिका, मग मोबाइल. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरतं; दुपारी बँकेत हात आपोआप खारीकडे का जायचा ते तेव्हा कळलं. जेवण आठला आणलं, त्यावरून आठवडाभर घरात कुरबुर झाली. उपवासाची साबुदाणा खिचडी सोडून वरई आणि दाण्याची आमटी, तीही बेताचीच. आठवड्यातून काही दिवस उठाबशा आणि डंबेल्स, कारण स्नायू राहिले तर वजन उतरताना चरबी जाते. काटा महिनोन्‌महिने हलला नाही, पण कंबर आत आली. मॅडमही वजनाआधी टेपच काढतात. आपल्याकडे बायकांसाठी 80 सेंटिमीटरची मर्यादा धरतात.

हा आजार घराण्यात चालतो म्हणून धाकट्या बहिणीलाही तपासून घ्यायला लावलं. तिचा टीएसएच अगदी नॉर्मल निघाला. वजनाचं खापर ती अजूनही थायरॉइडवरच फोडते.