वर्तुळ जुळले पाहिजे

जून महिन्यात शाळा उघडल्या की पुण्याच्या येरवड्यातील आमच्या शाळेकडे मदत येऊ लागते. दप्तरे येतात, दोनशे पानी वह्या येतात, पंधरा ऑगस्टच्या सुमारास खाऊबरोबर पेन आणि कंपासपेट्याही येतात. धुणीभांडी करणाऱ्या किंवा बांधकामावर बिगारी करणाऱ्या पालकांना या मदतीने मोठा आधार मिळतो, आणि देणाऱ्यांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. तरीही माध्यमिक वर्गांना गणित शिकवताना एक गोष्ट सतत जाणवते, ती म्हणजे गणितासाठी काय हवे आणि ते केव्हा हवे, हे शाळेने स्वतःहून व नेमके सांगितले पाहिजे.

कर्कटकाचेच, म्हणजे वर्तुळ काढायच्या कंपासचेच पाहा. सातवीच्या पाठ्यपुस्तकातील पहिलेच प्रकरण भौमितिक रचनांचे आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांचे दुभाजक काढले की ते एकाच बिंदूत मिळतात, हे मुलांनी स्वतःच्या हाताने काढून पाहायचे असते. भेटीदाखल येणाऱ्या स्वस्त कंपासपेटीतील कर्कटकाचा स्क्रू मात्र सैल असतो. ते फिरवताना त्रिज्या एखाद-दोन मिलिमीटरने सरकते, वर्तुळाचे शेवटचे टोक पहिल्याला मिळत नाही आणि दुभाजकांच्या छेदनबिंदूच्या जागी एक चिमुकला त्रिकोण तयार होतो. अशा वेळी मूल साधनाला दोष देत नाही. ‘मला भूमिती जमत नाही’ असे ते ठरवून टाकते, आणि एकदा ठरवले की ते मनातून काढायला कित्येक महिने लागतात. म्हणून तीस स्वस्त पेट्यांऐवजी पंधराच मिळाल्या तरी चालतील, दोघांत एक वापरू, पण घट्ट स्क्रूची कर्कटके द्या, असे मी आता स्पष्टपणे सांगते.

दहावीच्या बीजगणिताची सुरुवात दोन चलांतील रेषीय समीकरणांनी होते, त्यामुळे आलेख कागदही पहिल्याच महिन्यात लागतो. पैसे वाचवण्यासाठी त्याच्या झेरॉक्स काढल्या जातात, पण यंत्रावर आकार थोडा जरी कमी झाला तरी एक सेंटिमीटरचा चौकोन एक सेंटिमीटरचा राहत नाही आणि पट्टीने मोजणारी मुले गोंधळतात. शिवाय मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क आणि ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेची मोफत पाठ्यपुस्तके, दोन्ही आठवीपर्यंतच आहेत. बोर्डाच्या परीक्षेमुळे खर्च वाढतो तो नेमका नववी-दहावीत, आणि अनेक देणगीदारांना मात्र लहान मुलांसाठीच काही द्यावेसे वाटते.

ज्यांना मदत करायची आहे त्यांना मी एप्रिल-मे महिन्यांत अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुण्यातील पुस्तके-वह्यांच्या बाजारात, जाण्याचे सुचवते, कारण जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि नमुना तपासून घेण्याइतकी सवड दुकानदारालाही मिळत नाही. कर्कटक घेताना दुकानातच एका कागदावर वर्तुळ काढून पाहावे. कोनमापकावरील आकडे नखाने खरवडून निघत नाहीत ना, पट्टीचे शून्य ठळक आहे ना, हेही बघावे.

सगळेच विकत घ्यावे लागते असे नाही. अरविंद गुप्ता यांनी आपल्या पुण्यातच, आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या विज्ञान केंद्रात, टाकाऊ वस्तूंपासून शैक्षणिक साधने तयार करण्याचे काम वर्षानुवर्षे केले. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या अपूर्णांक-पट्ट्या आम्ही वर्गातच कापतो. त्यांतील दोन चतुर्थांश पट्ट्या अर्ध्यावर ठेवल्या की पाचवीतील मुलांनाही सममूल्य अपूर्णांक समजतात. कर्कटकाला मात्र असा पर्याय नाही.

आलेले साहित्य वर्गाच्या कपाटात क्रमांक घालून ठेवलेले असते, तास संपला की गटप्रमुख ते मोजून परत ठेवतात, आणि ज्याला गृहपाठासाठी हवे असेल तो वहीत नाव लिहून घरी नेतो. पुढच्या वर्षासाठी आमची मागणी घट्ट स्क्रूची कर्कटके, छापील आलेख कागद आणि फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास एवढीच आहे, आणि हे सर्व मे महिना संपण्यापूर्वी शाळेत पोहोचले तर सातवी आणि दहावी या दोन्ही वर्गांचे पहिले प्रकरण साहित्यासह शिकवता येईल.