ओल्या नखांची सुट्टी

रविवारी दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी हॉलमध्ये जुना पेपर पसरून बसते. पेपरावर नेलकटर, फायलर, कापसाचे बोळे, रिमूव्हरची बाटली, एका वाटीत कोमट पाणी, दुसरीत चमचाभर खोबरेल. मुलगा याला 'आईचं ऑपरेशन थिएटर' म्हणतो. म्हणू दे.

पार्लरमध्ये जाऊन हेच करून घेता येतं, नाही असं नाही. पण तिथली मुलगी हात हातात घेते आणि चेहऱ्याकडे बघून म्हणते, "मॅम, टॅनिंग खूपच झालंय हो!" नखांसाठी गेलेली बाई फेशियल करून, वर स्वतःच्या चेहऱ्याविषयी चार शंका घेऊन घरी येते. शिवाय एकदा एका पार्लरमध्ये नखाच्या मुळाशी असते ती पातळ कातडी छान कोरून काढली आणि चौथ्या दिवशी बोटाला नखुरडं झालं. लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून मी दोन रात्री काढल्या. एका हाताला लिंबू लावून झोपणाऱ्या माणसाकडे घरातले कसे बघतात, ते तेव्हा कळलं. ती कातडी म्हणजे फ्रिजच्या दाराचं रबर, बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत म्हणून लावलेलं. तेव्हापासून मी ती कापत नाही. बोटं पाण्यात भिजली की टॉवेलच्या कोपऱ्याने अलगद मागे सारते, बस्स.

घासायचं काम मात्र भिजवण्याआधी. ओलं नख मऊ पडतं आणि फायलर लावला की त्याचे पापुद्रे सुटतात. आणि घासायचं ते एकाच दिशेने, कडेकडून मधे. करवत चालवल्यासारखं मागे-पुढे केलं तरी पापुद्रेच. हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे नखांबद्दल जे काही सांगितलं जायचं, ते सगळं 'नये'वर संपणारं. दिवेलागणीला नखं काढू नयेत. शनिवारी काढू नयेत. काढलेली घरात टाकू नयेत. आजीला मी एकदा विचारलं होतं, की नरसिंहाने हिरण्यकशिपूला नखांनी फाडलं ते नेमकं तिन्हीसांजेलाच, मग त्या वेळी नखं असलेली बरी म्हणून का? आजी म्हणाली, "तोंड चालवण्यापेक्षा वात सारखी कर." कंदिलाच्या उजेडात न्हाव्याच्या नराणीने नखं काढायची तर बोटच जायचं, एवढं साधं असणार ते. पण अजूनही संध्याकाळ झाली की माझा हात नेलकटरकडे जात नाही.

मग नेलपेंट. बाटली खडखडा हलवायची नाही, बुडबुडे येतात. ताकाची रवी फिरवतो तशी दोन तळहातांत फिरवायची. त्याआधी नखांवरून रिमूव्हरचा बोळा एकदा फिरवून घ्यायचा, कारण खोबरेल लागलेल्या नखावर रंग धरत नाही. पहिला हात मधोमध, दुसरा डावीकडून, तिसरा उजवीकडून. पातळ. एकदा पातळ, थांबून पुन्हा पातळ. घाई करून एकदाच जाड थापलं की वरून वाळतं आणि आत ओलं राहतं. मग रात्री चादरीची वीण नखांवर छापून येते.

डाव्या हाताची पाच नखं पाच मिनिटांत होतात, एकदम सुरेख. इथपर्यंत मी कलावंत असते. मग ब्रश डाव्या हातात जातो. आयुष्यभर नुसतं पातेलं धरायचं काम केलेल्या त्या हाताला अचानक सांगायचं, की रेषा काढ. तो थरथरतो. करंगळीच्या बाजूच्या कातडीवर लाल ओघळ येतो. पुष्कळ रविवार वाया घालवल्यावर एक युक्ती सापडली आहे: ब्रश हलवायचाच नाही. डावं मनगट टीपॉयवर घट्ट टेकवायचं, ब्रश स्थिर धरायचा आणि त्याच्याखालून उजव्या हाताचं बोट फिरवायचं. तरीसुद्धा उजवा अंगठा बिघडतोच. त्याचं मी आता मनाला लावून घेत नाही.

आणि मग येतो तो अर्धा तास, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. दहाही बोटं पसरून, पंख्याखाली, मी काहीही करत नाही. फोन वाजतो, उचलता येत नाही. बेल वाजते, "बघ रे कोण आहे, माझी नखं ओली आहेत." लसूण सोलायचा आहे, नखं ओली आहेत. पाठ दुखतेय म्हणून पडले तर दर दहा मिनिटांनी कुणीतरी डोकावतं. नखं ओली आहेत म्हटल्यावर कुणी येत नाही. पूर्वी मेंदीच्या रात्री बायकांना हे सुख मिळायचं, पण त्यासाठी कुणाचं तरी लग्न नाहीतर सण लागायचा. नेलपेंटला नुसता रविवार पुरतो.

अशा वेळी मला आपल्या पुण्याचे श्रीधर चिल्लाळ आठवतात. 1952 साली त्यांनी डाव्या हाताची नखं कापणं थांबवलं. शाळेत शिक्षकांचं लांब वाढवलेलं नख चुकून मोडलं, ते रागावले, आणि या मुलाने ईर्षेने स्वतःचीच वाढवायला घेतली. शेवटी 2018 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती कापली. पाच नखांची मिळून लांबी भरली होती 909.6 सेंटिमीटर, म्हणजे आमचं सगळं घर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माणसाचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, हे लक्षात घेतलं की तो आकडा जास्तच दमवतो. डाव्या हाताला 66 वर्षांची सुट्टी! पण सुट्टीही झेपायला हवी. त्या हाताची बोटं पुढे नीट हलेनाशी झाली. त्याच 1952 साली टाटांनी लॅक्मे सुरू केली. लक्ष्मीचं फ्रेंच उच्चारातलं नाव घेऊन देशी नेलपेंट घराघरांत जायला लागलं, आणि इकडे पुण्यात एक मुलगा नखं राखून बसला.

परवा अशीच बसले होते, तर सासूबाई समोर येऊन बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "मला काय करायचंय आता या वयात," म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं. मग हळूच हात पुढे केला. "अगदी फिकट लाव. कुणाला कळता कामा नये."

त्यांची नखं मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. वयानं उभ्या रेघा आलेल्या, कडा हळदीनं पिवळ्या पडलेल्या, डाव्या अंगठ्यावर विळीची जुनी खूण. मधोमध एक, डावीकडून, उजवीकडून. त्या श्वास रोखून बसल्या होत्या. दुसरा हात देऊन झाला तेव्हा आम्हा दोघींची वीस बोटं पंख्याखाली पसरलेली.

आत पावभाजीचे बटाटे लावले होते. कुकरने शिट्टी दिली. मी उठायला लागले तर सासूबाईंनी डोळ्यांनीच बसवलं आणि बेडरूमकडे तोंड करून आवाज दिला, "अरे, गॅस बंद कर बाबा. आमची नखं ओली आहेत."

"किती शिट्ट्या करायच्यात?" आतून प्रश्न.

"तीन!"

"आणि झाल्या किती?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींपैकी एकीनेही मोजल्या नव्हत्या.