दोन डिस्क, एकच फर्मवेअर

मार्चमध्ये पतसंस्थेचा सर्व्हर बंद पडणं म्हणजे काय, हे सहकारात नोकरी केलेल्यालाच कळेल. 31 मार्चला वर्ष संपतं. ठेवींवरचं व्याज आकारायचं असतं, थकबाकीच्या याद्या काढायच्या असतात, ताळेबंद जुळवायचा असतो आणि पाठोपाठ लेखापरीक्षक येणार असतात. 2009 च्या मार्चच्या उत्तरार्धात आमच्याच जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचे व्यवस्थापक कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये आले. बरोबर त्यांचा क्लार्क होता आणि त्याच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या दोन हार्ड डिस्क. डेटा काढून देणं हाच माझा धंदा, त्यामुळे मेलेल्या डिस्क रोजच्याच. पण दोन्ही एकाच सर्व्हरमधल्या आणि दोन्ही गेलेल्या, हे मला वेगळं वाटलं.

"एक गेली तर दुसरी चालते म्हणून दोन घेतल्या की ओ साहेब," व्यवस्थापक म्हणाले. "आता सांगा, दोन्ही कशा जातील?"

सर्व्हर देणाऱ्यानं मिररिंग करून दिलं होतं. म्हणजे पहिल्या डिस्कवर जे लिहिलं जाईल, तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. फेब्रुवारीत पहिली डिस्क दिसेनाशी झाली. पुरवठादार म्हणाला, वॉरंटीत बदलून देतो, तोवर दुसरी आहेच. आणि आदल्या दिवशी दुपारी भारनियमन संपून लाईट आली, सर्व्हर सुरू केला, तर दुसरीही दिसेना. पेन ड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप दिवाळीच्या आधीचा. रोजकीर्दीच्या छापील प्रती फायलीत होत्या, त्यामुळे सगळंच बुडालं असं नव्हतं. पण पिग्मीच्या नोंदी म्हणजे चहाच्या गाड्यावरचे दहा रुपये, भाजीवालीचे वीस, सलूनवाल्याचे पन्नास. डझनभर एजंट रोज गोळा करून आणणार. असे पाच महिने कागदावरून पुन्हा भरायचे आणि तेही 31 मार्चच्या आत, हे होणारं काम नव्हतं.

मी आधी डिस्क कानाला लावतो. डेटा वाचणारं-लिहिणारं हेड गेलेली डिस्क टक-टक करते. मोटर अडकलेली डिस्क बारीक घुमते आणि फिरत नाही. या दोन्ही डिस्क सुरू केल्यावर अगदी सुरळीत फिरल्या. आवाज एकसारखा, ताप नाही, वास नाही. बायॉस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना डिस्क शोधणारा प्रोग्रॅम, मात्र दोघींनाही ओळखेना. लेबलं पाहिली. एकाच कंपनीच्या, 500 जीबीच्या, एकाच कारखान्यातल्या. तारखेचा कोड एकच, अनुक्रमांक जवळजवळचे, आणि दोन्ही लेबलांवर छापलेली फर्मवेअरची आवृत्तीही एकच. ती आवृत्ती वाचली आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला.

त्या हिवाळ्यात त्या कंपनीच्या त्या मालिकेतल्या डिस्क जगभर अशाच गप्प होत होत्या. जानेवारीत कंपनीनं फर्मवेअरमध्ये दोष असल्याचं मान्य करून दुरुस्त आवृत्ती काढली. त्या घाईतल्या पहिल्या आवृत्तीनं 500 जीबीच्या काही चांगल्या डिस्कही बंद पाडल्या, म्हणून ती मागे घेऊन पुन्हा नवी काढावी लागली. आणि मुख्य अडचण निराळीच होती. नवं फर्मवेअर चढवायला डिस्क आधी कॉम्प्युटरला दिसली पाहिजे. जी गप्प झाली आहे तिला ते देणार कसं?

फर्मवेअर म्हणजे डिस्कच्या पोटातला तिचा स्वतःचा प्रोग्रॅम. मोटर किती फेऱ्यांनी फिरवायची, हेड कुठं न्यायचं, कुठला सेक्टर, म्हणजे डेटाचा कप्पा, खराब आहे, हे सगळं तोच ठरवतो. त्याचा थोडा भाग पीसीबीवरच्या, म्हणजे डिस्कच्या सर्किट बोर्डवरच्या, चिपमध्ये असतो आणि बराचसा चकतीवरच्याच एका राखीव पट्ट्यात, जिथं आपल्या विंडोजचा हात पोचत नाही. त्याच पट्ट्यात डिस्क आपल्या घडामोडींची एक नोंदवही ठेवते. या डिस्कच्या नोंदवहीत 320 जागा. शेवटची जागा भरली की पुन्हा पहिल्यापासून लिहायचं, अशी गोल फिरणारी वही. वही कुठं संपते हे सांगणारा आकडा लिहिताना कुणाची तरी एका जागेची चूक झाली होती. डिस्क सुरू होताना मोजणी नेमकी 320 वर, किंवा त्यापुढे 256 च्या पटीत येणाऱ्या आकड्यावर असली, आणि कारखान्यातल्या ठरावीक चाचणी यंत्रानं त्या राखीव पट्ट्यात विशिष्ट खुणा मागे सोडल्या असल्या, की फर्मवेअर वहीच्या बाहेर पाऊल टाकायचं. बाहेर गेल्याचं त्याला कळायचं आणि डेटाला धक्का लागू नये म्हणून ते जागच्या जागी थांबायचं. थांबलं की पुढची नोंद होत नाही, म्हणून मोजणी तिथंच राहते, म्हणून पुढच्या वेळीही सुरू होताना ते तिथंच थांबतं. कितीही वेळा बंद-चालू करा, फरक पडत नाही.

यातला 'सुरू होताना' हा भाग मी व्यवस्थापकांना दोनदा समजावून सांगितला. डिस्क चालू असताना मोजणी त्या आकड्यावरून गेली तर काही बिघडत नाही. धोका फक्त सुरू होण्याच्या क्षणाला. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरवर तो क्षण क्वचित येतो. पण आमच्याकडे संध्याकाळी ऑफिस बंद करताना सर्व्हर बंद, सकाळी चालू, आणि मधे भारनियमन. तालुक्याच्या गावाला त्या वर्षी रोज तासन्‌तास लाईट नसायची. यूपीएस अर्धा तास तग धरणार, मग पुन्हा बंद, पुन्हा चालू. प्रत्येक वेळी डिस्क त्या धोक्याच्या दारातून आत जात होती. ज्या दोषाला दुसरीकडे वर्ष लागलं असतं, त्याला आमच्या भागात काही महिने पुरले.

"म्हणजे आत सगळं हाय न्हवं?" क्लार्कनं विचारलं.

"आहे. चकतीवरचा एकही आकडा हललेला नाही. फक्त दार आतून बंद झालंय."

हे मी ठामपणे सांगू शकलो, कारण त्यांनी काहीच केलं नव्हतं. गावातल्या कुणी डिस्क फॉरमॅट केली नव्हती, उघडली नव्हती, दुसऱ्या डिस्कची पीसीबी लावून पाहिली नव्हती. आमच्या धंद्यात डिस्क जितक्या आपल्या मरणानं मरतात, त्याहून जास्त या उपायांनी मरतात असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्कशी थेट बोलायचा एक रस्ता असतो. डिस्कची डेटा केबल लागते त्या सॅटा सॉकेटशेजारी चार बारीक पिना दिसतात, त्यांतल्या दोनांवर सीरियल पोर्ट असतो. त्या काळी नोकियाच्या मोबाइलची सीए-42 नावाची डेटा केबल मोबाइलच्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळायची. ती मधे कापून तारा सोडवल्या की डिस्कच्या पिनांना चालणाऱ्या व्होल्टेजचा यूएसबी सीरियल पोर्ट तयार. सीरियल पोर्टवरून आज्ञा टाइप करायचा प्रोग्रॅम, हायपरटर्मिनल, उघडायचा, वेग 38400, आणि डिस्कला वीज द्यायची.

आधी मी फेब्रुवारीत गेलेली डिस्क घेतली. तिच्यावरचा डेटा महिनाभर जुना होता. काही वाकडं झालंच तर ताज्या डेटाची डिस्क शाबूत राहील, हा हिशेब. मोटर फिरली आणि स्क्रीनवर एकामागून एक तीच ओळ उतरू लागली : एलईडी, मग शून्यं, शेवटी सीसी, आणि मेमरीतला एक पत्ता. हीच ती खूण. बोलावं तर डिस्क ऐकत नाही, तीच ओळ म्हणत राहते.

तिला ऐकायला लावायचं तर ती राखीव पट्टा वाचायला जाण्याआधी तिचा हेडशी संपर्क तोडावा लागतो. पीसीबीचे टॉर्क्स स्क्रू सैल केले आणि पीसीबी व हेडच्या संपर्कबिंदूंच्या मधे व्हिजिटिंग कार्डाची कापलेली पट्टी सरकवली. वीज दिली. चकतीवरून काहीच वाचता येईना, त्यामुळे फर्मवेअर त्या नोंदवहीपर्यंत पोचलंच नाही. कंट्रोल-झेड दाबलं आणि आज्ञेची वाट पाहणारी ओळ आली. आज्ञांच्या दुसऱ्या पातळीवर जाऊन मोटर थांबवायची आज्ञा दिली. मोटर थांबल्याचं उत्तर आलं. आता अवघड भाग. वीज चालू असतानाच पट्टी ओढून काढायची आणि स्क्रू पुन्हा आवळायचे. स्क्रू निसटून पीसीबीवर पडला तर शॉर्ट होऊन सगळंच जाणार, म्हणून स्क्रू सैल करायचे, पण पूर्ण काढायचे नाहीत. शेवटचा आवळेपर्यंत व्यवस्थापक खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. मी त्यांना काही बोललो नाही, पण श्वास माझ्या मानेवर येत होता.

मोटर सुरू करण्याची आज्ञा. ती फिरली. पहिल्या पातळीवर जाऊन स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, नोंदी पुसण्याची आज्ञा, मग वीज बंद. थोडं थांबून पुन्हा चालू केली, तर ती जुनी ओळ नाही. डिस्क बायॉसमध्ये आली, नावासकट.

दुसरी डिस्क, म्हणजे खरी महत्त्वाची, तशीच केली. ती ओळखली गेली, पण क्षमता दाखवली शून्य. क्लार्कचा चेहरा पडला. हाही त्याच दोषाचा माहीत असलेला प्रकार होता. चकतीवरची कुठली जागा म्हणजे कितवा सेक्टर, याचा तक्ता डिस्क बांधू शकत नव्हती. तो तक्ता पुन्हा बांधायला एक लांबलचक आज्ञा असते, स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे. त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर डिस्क भलतंच काहीतरी करू शकते. मी ती कागदावर लिहिली, क्लार्ककडून मोठ्यानं वाचून घेतली, टाइप केली, पुन्हा त्याच्याकडून स्क्रीनवरून वाचून घेतली आणि मगच एंटर मारलं. काही वेळ काहीच नाही. मग उत्तर आलं. वीज बंद करून चालू केली, तर पूर्ण 500 जीबी दिसले.

व्यवस्थापकांना लगेच पतसंस्थेचं सॉफ्टवेअर उघडून बघायचं होतं. मी हात लावू दिला नाही. दोष अजून त्या डिस्कच्या आतच होता, आपण फक्त वाट मोकळी केली होती. आधी दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्कवर सेक्टरन्‌सेक्टर नक्कल, मग बाकी सगळं. नक्कल होईपर्यंत दोनेक तास गेले. तेवढ्यात मी त्यांना समोरच्या हॉटेलात मिसळ खाऊन यायला सांगितलं, पण दोघंही हलले नाहीत. नकलेवरून डेटाबेस उघडला. शेवटच्या दिवशीच्या दुपारपर्यंतचा पिग्मीचा भरणा जिथल्या तिथं होता. क्लार्कनं आधी स्वतःच्या आईचं खातं उघडून पाहिलं.

मिररिंगबद्दल मला इथं स्पष्ट बोलायचं आहे. पुष्कळ ठिकाणी ते बॅकअप म्हणून विकलं जातं. मिररिंग एका डिस्कच्या अपघातापासून वाचवतं. मोटर जळाली, हेड गेलं, तर दुसरी डिस्क काम चालू ठेवते. पण फर्मवेअरचा दोष अपघात नसतो, तो दोन्ही डिस्कच्या जन्मापासून त्यांच्यात सारखाच असतो. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच खोक्यातल्या, बरोबरच सुरू-बंद होणाऱ्या डिस्क बरोबरच आजारी पडणार. पुढं नोव्हेंबर 2019 मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझनं आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल, म्हणजे चकतीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कबद्दल, सूचना काढली. फर्मवेअर बदललं नाही तर 32,768 तास चालल्यावर, म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस आणि 8 तासांनी, त्या कायमच्या बंद पडतील आणि आतला डेटाही निघणार नाही. एकत्र बसवलेल्या एसएसडी जवळजवळ एकाच वेळी जातील, हेही त्यांनीच लिहिलं होतं. 32,768 म्हणजे दोनाचा पंधरावा घात. 16 बिटांच्या धन-ऋण मोजणीत जो सर्वांत मोठा आकडा बसतो, त्याच्या पुढचा. ती सूचना वाचताना मला राजारामपुरीतला तो दिवस आठवला. आमचं नशीब एवढंच की आमच्या डिस्कचं फर्मवेअर डेटाला धक्का न लावता थांबलं होतं.

त्या दिवशीचं काम मात्र नकलेवर संपलं नाही. व्यवस्थापकांनी पुरवठादाराला फोन लावून दिला. त्यानं सांगितलं की हा सर्व्हर दिला त्याच महिन्यात तसेच सर्व्हर त्यानं तालुक्यातल्या आणखी काही पतसंस्था आणि एका दूध संस्थेला दिले होते. डिस्क त्याच मालिकेतल्या. मी त्याच्याकडून नंबर घेतले आणि एकेकाला फोन केले. सर्व्हर आत्ता चालू आहे का? चालू असेल तर मी येईपर्यंत बंद करू नका. रात्रीही नको. भारनियमनाची वेळ असेल तर जनरेटर लावा.

लोकांना हे पटवणं सोपं नव्हतं. आयुष्यभर 'जाताना सगळं बंद करा' असंच त्यांना सांगितलेलं. दूध संस्थेच्या सचिवांनी सरळ विचारलं, "चांगला चाललाय की सर्व्हर, मग जनरेटरचं डिझेल कशाला जाळायचं?" मी त्यांना शेजारच्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकांशीच बोलायला लावलं. त्यांचं पाच मिनिटं बोलणं झालं आणि सचिव म्हणाले, "या तुम्ही. तोवर चालूच ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मी आणि माझा मदतनीस गाडीवरून निघालो, बॅगेत कोऱ्या डिस्क आणि नव्या फर्मवेअरची सीडी. क्रम सगळीकडे एकच. सर्व्हर चालू असतानाच आधी पूर्ण नक्कल, ती नक्कल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायची, आणि मगच बंद करून फर्मवेअर चढवायचं. एका संस्थेत आम्ही पोचायच्या आधीच शिपायानं सवयीनं सर्व्हर बंद केला होता. तो पुन्हा चालू केला, तर दोन्ही डिस्क दिसल्या. दूध संस्थेत मिररमधली एक डिस्क आधीच गेलेली निघाली. बूट होताना पडद्यावर तसा इशारा येत होता, पण तेवढ्या वेळात तिथं कुणी बसलेलं नसायचं. दुसरी डिस्क शाबूत होती. तिची नक्कल झाली आणि मिररची दुसरी डिस्क म्हणून मी वेगळ्या कंपनीची लावली. सचिवांनी डिझेलची पावती माझ्यासमोरच देखभाल खर्चात टाकली.