आमची वाटचाल: भाजणी, मसाले आणि कर्जाचा हप्ता

पुण्यातल्या धायरीच्या आमच्या युनिटमधून चकलीची आणि थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला एवढाच माल निघतो. सुरुवात बचत गटातून झाली. बारा जणी, दरमहा प्रत्येकी १०० रुपये, आणि त्यातूनच शेकडा २ रुपये महिना व्याजानं दिलेलं अंतर्गत कर्ज. पुढे बँकेचं कर्ज मिळालं. छोट्या कर्जावर गरीब घरातल्या बाईचा धंदा उभा राहतो, हे आम्ही ठामपणे सांगतो. मात्र तो टिकतो कर्ज किती घेतलं, कशावर लावलं आणि कोणत्या महिन्यात घेतलं यावर.

ही वाट आमच्या आधी बऱ्याच जणींनी तुडवली आहे. मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली खानावळ चालवणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९९३ मध्ये त्यांच्या कन्या मेधाताई पुरव-सामंत यांनी पुण्यात भाजीवाल्या बायकांपासून कर्जवाटपाचं काम सुरू केलं. १९९२ साली नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, बचत गट थेट बँकांना जोडायला सुरुवात केली आणि गहाण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँकेचं दार उघडलं. गटाच्या पंचसूत्रीतलं (नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब) पाचवं सूत्र, हिशेब लेखन, आमच्या मते सगळ्यात मोलाचं. बैठक संपायच्या आत प्रत्येकीच्या पासबुकात नोंद झालीच पाहिजे. ‘नंतर लिहू’ म्हटलं की तिसऱ्या महिन्यात भांडण ठरलेलं.

व्याजाची पद्धत सही करण्याआधी विचारून घ्यावी. समजा २०,००० रुपये, १२ हप्ते, महिना २ टक्के. व्याज उतरत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच, असेल तर वर्षाचे २,६०० रुपये होतात. तोच दर मूळ रकमेवर सरसकट लावला तर ४,८००. टक्का एकच, पण फरक २,२०० रुपयांचा. बोलण्यात दोन्हीला ‘दोन टक्के’च म्हणतात, म्हणून परतफेडीचा तक्ता कागदावर मागायचा.

आता खरी मेख. उतरत्या व्याजाच्या याच कर्जाचा पहिला हप्ता, मुद्दल १,६६७ आणि व्याज ४००, म्हणजे २,०६७ रुपये, महिनाभरात भरायचा असतो. तोवर माल फळीवर, काही दुकानात उधारीवर. म्हणजे पहिला हप्ता विक्रीतून नाही, कर्जाच्याच पैशातून जातो. ज्या बाईनं पूर्ण वीस हजारांचं सामान भरलं, ती तो हप्ता घरखर्चातून किंवा दुसरं कर्ज काढून भरते. घसरण तिथूनच सुरू होते. म्हणून २०,००० मिळाले तर पहिल्या हप्त्यापुरते पैसे आधी बाजूला ठेवावेत आणि उरलेल्याचंच, साधारण १८,००० चं, सामान भरावं.

दुसरी चूक म्हणजे पहिल्याच कर्जातून मशीन घेणं. मशीनचे पैसे अडकून पडतात, खेळतं भांडवल मात्र फिरतं. भाजणी गिरणीत आणि मसाला कांडपावर किलोच्या दरानं करून घेता येतो. दळणावळीचा महिन्याचा खर्च मशीनच्या हप्त्याच्या वर सलग सहा महिने जात असेल, तरच मशीनचा विचार करावा. दिवाळीच्या एका महिन्याचा आकडा बघून निर्णय घेऊ नये.

गिरणीत दळायचं तर नंबर कुठे लावतो हे बघावं लागतं. आमचं चकलीच्या भाजणीचं प्रमाण असं: ४ किलो तांदूळ, २ किलो हरभरा डाळ, १ किलो उडीद डाळ, अर्धा किलो मूग डाळ, पाव किलो धने, १०० ग्रॅम जिरे. तांदूळ धुऊन सावलीत खडखडीत वाळवायचा, प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा. गव्हाच्या दळणानंतर लगेच भाजणी टाकली तर जात्यातलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं आणि चकली मऊ पडते. तांदळाच्या किंवा डाळीच्या मागून नंबर लावावा. पीठ गरम असताना पिशवीत भरलं तर वाफ धरते, गुठळ्या होतात, लवकर कुबट वास येतो. परातीत पसरून पूर्ण गार करायचं, मगच सील. गिऱ्हाईक ‘चकली तेलात विरघळली’ म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा मोहन जास्त झालेलं असतं. म्हणून पाकिटावर पाण्याच्या मापाबरोबर मोहनाचं मापही छापावं. खराब निघालेलं एक पाकीट दहा पाकिटांचा नफा खातं, आणि हप्ता तर थांबत नाही.

कर्जाचा महिना हंगामावर ठरतो. मिरची आणि खडा मसाला मार्च-एप्रिलमध्ये मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून एकरकमी घ्यावा लागतो, तेव्हा मोठी रक्कम लागते. मिरचीची डेखं काढून, उन्हात वाळवून किलोमागे १०० ग्रॅमच्या आसपास घट धरूनच भाव काढायचा. ही घट विसरली की पाकिटामागचा नफाच गेला. भाजणीचं कर्ज श्रावणात हवं, कारण दुकानदार माल गणपतीनंतर मागायला लागतात. तेच कर्ज दिवाळीच्या तोंडावर मंजूर झालं तर पैसा येतो आणि हंगाम निघून जातो. पौष-माघात विक्री मंदावते, म्हणून दिवाळीच्या गल्ल्यातून दोन हप्ते आधीच खात्यात टाकून ठेवायचे.

उधारीचं सांगायलाच हवं. दुकानदारानं ६० दिवसांनी पैसे दिले तर तेच भांडवल वर्षात जेमतेम पाच-सहा वेळा फिरतं. ३० दिवसांत मिळाले तर दहा-बारा वेळा. म्हणून नव्या दुकानात पहिला माल १० पाकिटांपुरताच, आणि मागचं बिल चुकल्याशिवाय पुढचा माल नाही. भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी रोख विक्री होते, ती रक्कम आम्ही थेट हप्त्याच्या खात्यात टाकतो.

सगळ्यात काळजी वाटते ती एकीच्या नावावर दुसऱ्याच कुणासाठी काढलेल्या कर्जाची. नवऱ्याच्या गाडीसाठी, भावाच्या लग्नासाठी. धंदा उभाच राहत नाही आणि हमी घेतलेल्या बाकीच्या जणी अडकतात. वस्तीत एकाच घरात छोटी कर्जं देणाऱ्या दोन-तीन कंपन्यांचे हप्ते चालू असलेलेही दिसतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं कर्ज विनातारण मिळतं, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. शेवटची गोष्ट फार थोड्या ताईंना माहीत असते. दिवाळीनंतर हातात पैसा असेल तर शाखेत जाऊन उरलेलं मुद्दल भरायचं, आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात घेऊनच बाहेर पडायचं.