बोरीची फांदी

ऑगस्टमध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचं फालाबोर्वा गेट सकाळी सहाला उघडतं. आम्ही पावणेसहापासून रांगेत होतो. दोन उघड्या गाड्या, अठरा माणसं, प्रत्येकाच्या अंगावर हॉटेलचं ब्लँकेट. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा थंडी असते, हे मी पुण्यातल्या मीटिंगमध्ये तीनदा सांगितलेलं असतं, तरी कुणीतरी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून येतंच. त्या दिवशीही आलं होतं. त्यांना मी माझं जॅकेट दिलं.

टूर मॅनेजर म्हणून या भागात येण्याचं ते माझं अकरावं वर्ष. दिवस २०२४ च्या ऑगस्टमधला. आदल्या दोन दिवसांत आम्ही क्रूगरचा दक्षिण भाग पाहिला होता. सिंह दिसला होता, हत्ती आणि रानम्हशी दिसल्या होत्या, गेंड्याची पाठ दिसली होती. बिबट्या राहिला होता. ‘बिग फाइव्ह’ हा शिकाऱ्यांचा शब्द. पायी शिकार करताना ज्यांच्यापासून जिवाला सर्वांत जास्त धोका, ते हे पाच प्राणी. आता तो पर्यटकांच्या तोंडी आहे, आणि चार झाले की पाचव्यासाठी माणसाचा जीव नुसता टांगणीला लागतो. गाडीत बसतानाच मला विचारून झालं होतं, “आज बिबट्या नक्की ना?”

नक्की काहीच नसतं. त्यात ऑलिफंट्स नदीच्या उत्तरेला जंगलाचा तोंडवळाच बदलतो. दक्षिणेत काटेरी बाभळवर्गी झाडं, गवताची मोकळी रानं, चरणारे कळप. उत्तरेत मैलोन् मैल फक्त मोपाने. ऑगस्टात त्याची पानं तांबूस पडलेली, खाली कोरडी लाल माती. एक तास गेला. दोन-तीन इम्पाला हरणं, एक मोठं कुडू हरीण, बाकी झाडंच झाडं. मागच्या सीटवर चुळबुळ सुरू झाली. “सगळं एकसारखंच आहे हो,” कुणीतरी म्हणालं. खोटं का बोलू, मलाही इतकी वर्षं तसंच वाटत आलं होतं. हा पट्टा म्हणजे माझ्या लेखी लेताबा कॅम्पपर्यंत पोचायचा पन्नास किलोमीटरचा रस्ता होता.

“हे तं आपटा हाय ना भाऊ!”

यवतमाळकडच्या काकू. दारव्ह्याच्या बाजूचं गाव, घरची शेती, वय चौसष्ट. मुलगा-सून पुण्याला नोकरीला, त्यांच्यासोबत आलेल्या. टूरचे पाच दिवस त्या जवळजवळ बोलल्याच नव्हत्या. गाडीच्या कडेला घासून गेलेल्या फांदीकडे त्या बोट दाखवत होत्या.

मी आमच्या गाईडना सांगितलं. ते याच भागातले, त्सोंगा समाजाचे, साठीच्या आसपासचे. गाडी थांबली. क्रूगरमध्ये ठरलेल्या जागांशिवाय गाडीतून उतरता येत नाही, म्हणून त्यांनी आपल्या सीटवरूनच हाताला आलेलं एक पान काकूंना दाखवलं, न तोडता. आपट्याचं पान एकच असतं, मध्ये चिरलेलं. मोपानेची दोन वेगळी पानं देठाशी जुळलेली, पंख मिटलेल्या फुलपाखरासारखी. आणि दोघांच्या मध्ये, जोडाशी, एक बारीकसं टोक. तिसऱ्या पानाची ती राहिलेली खूण, असं ते म्हणाले. दुपारी ऊन तापलं की दोन्ही पानं मिटतात आणि उन्हाला कड देऊन उभी राहतात. झाडाचं पाणी वाचतं, पण खाली सावली पडत नाही.

“मंग दुपारी ढोरं कुठं बसतेत?” काकूंनी विचारलं.

गाईड पहिल्यांदा मागे वळून नीट त्यांच्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत हा प्रश्न एकाही पाहुण्याने विचारला नव्हता, म्हणाले. हत्ती, म्हशी नदीकाठच्या मोठ्या झाडांखाली जातात. तीच झाडं तुम्हाला पुढे दाखवतो.

दसऱ्याला आम्ही आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मोपाने आमच्याकडेही सोनंच आहे. पावसाळ्यात त्यावर हाताच्या बोटाएवढ्या अळ्या येतात. बायका त्या गोळा करतात, पिळून आतलं काढून टाकतात, उकडतात, वाळवतात आणि वर्षभर खातात, विकतात. शाळेची फी त्यातून भरली जाते. गाडीत एक-दोघांनी तोंड वाकडं केलं. काकू म्हणाल्या, “आपल्याकडं तेंदूपत्त्यावर घरं चालतेत, तसंच हाय ते.”

त्यानंतर मागच्या सीटचा आवाज मला फारसा ऐकू आला नाही. पुढचे चाळीस किलोमीटर मी दुभाष्या होतो. त्या विचारत, मी इंग्रजीत सांगे, ते उत्तर देत, मी मराठीत आणे, आणि दर पाच मिनिटांनी माझे शब्द संपत. मारूला हे आंबा, काजू, बिब्बा यांच्या कुळातलं, नर झाड वेगळं आणि मादी वेगळी, फळ फक्त मादीला. हे मी कितीदा तरी पाठ म्हणून दाखवलं होतं. पण त्याची बी फोडून आतला गर खातात म्हटल्यावर काकूंना लगेच चारोळी आठवली. चारोळीचं झाडही त्याच कुळातलं, हे मी नंतर पाहिलं. लेडवुडचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, मेलेलं झाड कित्येक वर्षं तसंच उभं राहतं. गाईडनी विचारलं, तुमच्याकडे बाओबाब आहे का? वसईच्या किल्ल्यातली गोरखचिंच मला आठवली, आणि निदान एका प्रश्नाला तरी मी उत्तर देऊ शकलो.

लेताबाच्या अलीकडे वळणावर हत्ती होते. माद्यांचा कळप, तीन लहान पिल्लं, रस्ता ओलांडत होता. पुढची मादी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि आमच्याकडे तोंड करून तिने कान पसरले. गाईडनी गाडी सावकाश मागे घेतली, वीसेक मीटर, आणि इंजिन चालूच ठेवलं. कुणीही उभं राहू नका, एवढंच बोलले. आफ्रिकेत हत्तिणींनाही सुळे असतात. तिचा उजवा सुळा टोकाशी झिजून आखूड झाला होता. माणूस जसा उजवा किंवा डावखुरा, तसा हत्तीचाही एक सुळा कामाचा. ती आम्हाला बघत होती आणि तिच्या मागून पिल्लं एकेक करून पलीकडे जात होती. एक पिल्लू मध्येच थांबलं, सोंड हवेत फिरवली, मागच्या मादीने त्याला ढकललं. शेवटचा हत्ती झाडीत शिरल्यावर मग ही वळली. बिबट्याचं नाव दुपारपर्यंत कुणी काढलं नाही.

लेताबा कॅम्पमध्ये हत्तींचं संग्रहालय आहे. क्रूगरमधल्या जुन्या प्रचंड सुळेवाल्या नरांचे सुळे तिथे ठेवलेत. त्यातल्या शावूचा सुळा तीन मीटरहून लांब आहे. ग्रुप आत गेला. फोटोंना अर्धा तास तरी लागणार होता. काकू पाच-सात मिनिटांत बाहेर आल्या.

“ह्याहिले पाहायचे होते हे हत्ती,” म्हणाल्या. ‘ह्याहिले’ म्हणजे त्यांच्या यजमानांना. शिक्षक होते. आफ्रिकेचे हत्ती बघायचे म्हणून निवृत्तीनंतर पैसे बाजूला टाकत होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, नागपूरला. बासष्ट वर्षांचे होते. त्या पैशांतूनच मुलाने आईचं बुकिंग केलं होतं. हे सगळं त्यांनी चारच वाक्यांत सांगितलं, आणि मी टूर मॅनेजर जे म्हणतो तेच म्हणालो, काकू, ते असतील इथंच कुठेतरी.

नदीकडच्या कुंपणाच्या वाटेवर गाईड उभे होते. कॅम्पच्या आत फिरायला मोकळीक असते, तिथे बुशबक हरणंसुद्धा माणसांना न बुजता चरत असतात. काठावर एक मोठं झाड होतं, काळपट सालीचं, जॅकलबेरी. ते आपल्या टेंभुर्णीचं सख्खं भावंड. सकाळी कबूल केलेली सावली ती हीच. त्याच्या बाजूला एक मध्यम उंचीचं, वेडंवाकडं काटेरी झाड. काकू सरळ त्याच्यापाशी गेल्या. फांदी अलगद धरून काटे बघितले. एक काटा सरळ, एक आकडीसारखा मागे वळलेला, जोडीजोडीने.

“बोर हाय.”

बोरच होतं, म्हणजे बोरीच्याच वंशातलं. इंग्रजीत बफेलो थॉर्न. आफ्रिकान्स भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘चकाकत्या पानांचं, जरा थांब’ असा होतो, कारण आकडीत कपडा अडकला की थांबावंच लागतं. गाईड म्हणाले, सरळ काटा आपण कुठे चाललोय ते सांगतो आणि वाकडा आपण कुठून आलो ते. मग त्यांनी झुलू लोकांची रीत सांगितली. तोवर ग्रुपमधले सहा-सातजण बाहेर येऊन भोवती उभे राहिले होते. गोष्ट चांगली होती, म्हणून मी मोठ्या आवाजात, सगळ्यांना रस वाटावा असा भाषांतर करत गेलो.

माणूस घरापासून लांब मेला, दवाखान्यात, रस्त्यावर, खाणीत, तर त्याचा आत्मा तिथेच राहतो. मग घरचं मोठं माणूस या झाडाची फांदी घेऊन त्या जागी जातं. त्याला नावाने हाक मारतं आणि सांगतं, चल, आता घरी जायचं. फांदी घेऊन परत निघतं. वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. बसने जायचं असेल तर तिकिटं दोन काढतात. एक आपलं, एक त्याचं.

“किती छान!” ग्रुपमधून कुणीतरी म्हणालं. काकूंनी फांदी सोडली नव्हती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय, कुणासमोर आणि कुठल्या आवाजात सांगत होतो.

बाकीचे जेवायला गेल्यावर त्या हळू आवाजात बोलल्या. तेव्हा त्या स्वतःही पॉझिटिव्ह होत्या, दुसऱ्या दवाखान्यात. मुलाने घाटावर लांबून बघितलं. “त्याहिले घरी आनताच नाही आलं. आंगनातसुदिक नाही.” मग गाईडकडे बघून मला म्हणाल्या, “विचारा त्याहिले, आमच्या बांधावरच्या बोरीची फांदी चालते का.”

मी विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. पाहुण्यांना सांगायची गोष्ट आणि हा प्रश्न, यांतलं अंतर त्यांना कळलं होतं. हे मी ठरवणारा नव्हे, म्हणाले. रीत झुलूंची, मी त्सोंगा, आणि त्यातून ही गोष्ट घरच्यांची. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा.

काकूंनी ते ऐकलं. “घरातली मोठी आता मीच,” म्हणाल्या.

क्रूगरमधून पानही तोडून नेता येत नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही. परतीच्या वाटेवर गेटच्या अलीकडे मासोरिनीला थांबलो. टेकडीच्या पायथ्याला लोखंड वितळवणाऱ्या लोकांची वस्ती पुन्हा उभारून ठेवली आहे. भट्टी, गवती छपराच्या झोपड्या, धान्य दळायचे दगड. सुनेने आणि त्यांनी मिळून एका दगडावर हात फिरवून बघितला. साडेपाचला बाहेर पडलो. बिबट्या दिसला नाही. रात्री जेवताना दोघांनी ते मला बोलून दाखवलं आणि मी ऐकून घेतलं.

सर्वपित्री अमावास्या त्या वर्षी २ ऑक्टोबरला होती. दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. आधी त्यांनी गाईडची तब्येत विचारली. मग सांगू लागल्या. बांधावरची फांदी तोडून त्या मुलाबरोबर नागपूरला गेल्या. दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिल्या, हाक मारली. मुलाला म्हणाल्या, तू मागच्या गाडीनं ये. एसटीत बसल्या, फांदी ओढणीत गुंडाळून बाजूच्या सीटवर, खिडकीकडे. कंडक्टर आला. वाटेत बोलायचं नव्हतं, म्हणून यवतमाळ लिहिलेला कागद त्याच्यापुढे धरला आणि दोन बोटं दाखवली.

“दुसरं कोन, मने तो. म्या सीटकडं हात केला. त्यानं फांदी पाह्यली, माह्याकडं पाह्यलं. मंग एक हाफ फाडलं, एक फुल.”

बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं. यजमानांची पासष्ट भरली नव्हती, त्यांचं पूर्ण लागलं.