गार चाक

खोपोलीत घाटाच्या पायथ्याशी माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं ट्रकचे ब्रेक करतोय. त्या दिवशी सकाळी फोन आला, ‘मेस्त्री, चाकातून धूर निघतोय.’ गाडी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, शिंग्रोबाच्या देवळाच्या जरा वर. जुलै महिना, समोरचं दिसत नाही असं धुकं. दहाटायर, कांदा भरून वाशीला निघालेला.

पोचलो तर पुढच्या चाकांना दगड लावलेले आणि ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन मागच्या ड्रमवर ओतायच्या बेतात. ओरडलोच. ड्रम बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तापलेलं बीड असं गार केलं की तडकतं. तासभर हात लावू नको म्हटलं.

पंचविशीतला पोरगा, हात अजून थरथरत होते. खंडाळ्यापासून न्यूट्रल मारून आलेला. ‘मालक डिझेल मोजून देतात, मेस्त्री. उतारालाच काय ते वाचतं.’ न्यूट्रलला इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते. त्यात हे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. सारखा पाय मारला की हवा संपते भराभर आणि इंजिन नुसतं आयडलवर, हळू चालू असलं की भरते सावकाश. पुढे गर्दी होती म्हणून याचा वेग कमीच होता. कसाबसा खालचा गिअर पडला आणि वाचला.

‘शिंग्रोबाला पैसा टाकलास का?’

‘देऊळ अजून खाली आहे ना!’

हसलो दोघंही. हा घाट १८३० साली चाकाच्या गाड्यांना खुला झाला. रेल्वेची वाट शोधणाऱ्या इंग्रजांना ती दाखवली शिंग्रोबा धनगराने, असं आमच्याकडे सांगतात. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला, लेन वाढल्या. उतार कोण कमी करणार?

मग गाडीखाली शिरलो. जोडटायर एक धरले तर चाकं सहा. त्यातल्या पाचांजवळ तोंड नेववत नव्हतं, एवढी धग आणि जळक्या लायनरचा वास. मागचं डावं मात्र गार. हात लावला तर नुसतं पावसाने भिजलेलं. बॅटरी मारली. ब्रेकच्या चेंबरकडे, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याकडे जाणारा हवेचा पाइप दुमडून तारेने करकचून आवळलेला. चेंबरमधलं रबर फाटलं असणार, हवा गळत असणार. नवं टाकायच्या ऐवजी कुणीतरी ते चाकच ब्रेकमधून काढून टाकलेलं. पिळा सफाईदार होता, पक्कडीचा. म्हणजे आमच्यातलाच कुणीतरी. पोराला पत्ताच नव्हता. केबिनमध्ये बसून हे कळणारही नाही. गाडी दरीत गेली असती तर ‘ब्रेक निकामी’ एवढंच छापून आलं असतं.

रबर बदललं, लायनर तपासून ब्रेक सेट केले. मालकाने फोनवर पैशांची घासाघीस केली, ती वेगळीच.

पोराने दुसरा गिअर टाकला आणि दगड रस्त्यातच सोडून निघाला. धुक्यात मागून एखादा मोटारसायकलवाला आला असता तर? शिट्टी मारून थांबवलं. उतरला, मुकाट्याने दोन्ही दगड उचलले आणि कठड्याला लावून ठेवले.