तुम्ही विचारलंत म्हणून : लूकने सांगितलेली नावनिशी

मी इतिहास शिकवतो आणि ख्रिस्ती आहे, हे कळले की अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात : शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधील येशूची चरित्रे, इतिहास म्हणून खरी मानायची का? एका शब्दात उत्तर देणे मला कधीच जमलेले नाही. त्याचे कारण मी त्यांपैकी एका शुभवर्तमानाचा लेखक लूक याच्या लेखनातील दोन प्रसंगांवरून सांगतो.

नाताळच्या उपासनेत लूकच्या दुसऱ्या अध्यायाचे वाचन मी लहानपणापासून करत आलो आहे. रोमन सम्राट औगुस्त कैसराने सर्व जगाची नावनिशी, म्हणजे शिरगणती, करण्याचा हुकूम काढला, तेव्हा क्विरीनिय हा सीरियाचा अधिकारी होता, आणि मरियेचा पती योसेफ दावीद राजाच्या घराण्यातला असल्यामुळे नासरेथहून बेथलेहेमला गेला व तिथे येशू जन्मला, असे तिथे म्हटले आहे. पण ही सारी हकिगत लूकने पहिल्या अध्यायात हेरोद राजाच्या काळापासून सुरू केली आहे, आणि शुभवर्तमानकार मत्तयही येशूचा जन्म हेरोदाच्या हयातीतलाच सांगतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला. क्विरीनियाच्या नावनिशीची माहिती यहुदी इतिहासकार योसेफस देतो : हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याला पदच्युत करून रोमने यहूदीया थेट आपल्या अमलाखाली घेतला, तेव्हा, म्हणजे इ.स. ६ मध्ये, करआकारणीसाठी ती झाली. दोन्हींत सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. शिवाय नासरेथ ज्या गालील प्रांतात आहे तो तेव्हा हेरोदाचा दुसरा मुलगा हेरोद अंतिपा याच्या ताब्यात होता, त्यामुळे नासरेथच्या रहिवाशाला या नावनिशीसाठी यहूदीयातल्या बेथलेहेमला जावे लागण्याचे कारण दिसत नाही. आणि हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या गावी जाऊन नाव नोंदवण्याची रोमन पद्धत कुठे आढळलेली नाही.

हे अंतर मिटवण्याचे प्रयत्न मी आस्थेने वाचले आहेत. लूक हिला 'पहिली नावनिशी' म्हणतो; त्यातल्या 'पहिली' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'आधीची' असा घ्यावा, असे काही जण म्हणतात, पण त्यासाठी वाक्य फार ताणावे लागते. क्विरीनिय सीरियात दोनदा अधिकारी होता, असे इतर काही सुचवतात. मात्र हेरोदाच्या अखेरच्या वर्षांतले सीरियाचे अधिकारी, सातुर्निनस आणि व्हारुस, आपल्याला नावानिशी माहीत आहेत. माझ्या मते लूक इथे चुकला आहे. ती चूक कशी झाली असावी, हेही मला समजते. हेरोदाच्या मृत्यूनंतर देशात बंडाळी माजली होती, आणि दहा वर्षांनी नावनिशीच्या वेळी यहूदा गालीलकराने पुन्हा बंड उभारले. हे दुसरे बंड लूकला माहीत होते, कारण 'प्रेषितांची कृत्ये' या आपल्या दुसऱ्या ग्रंथात त्याने गमलिएल या यहुदी गुरूच्या तोंडी त्याचा उल्लेख घातला आहे. दोन-तीन पिढ्यांनंतर लिहिणाऱ्याच्या मनात अशा दोन आठवणी एकमेकींत मिसळणे अवघड नाही.

आता हाच लूक प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात पाहा. करिंथ येथे प्रेषित पौलाला रोमन अधिकारी गल्लियोपुढे उभे केले, असे सांगताना तो गल्लियोसाठी 'प्रोकॉन्सल' हे पद वापरतो. अखया प्रांत इ.स. १५ पासून सम्राटाच्या कारभारात होता आणि इ.स. ४४ मध्ये सम्राट क्लौद्याने तो सिनेटकडे परत दिला; सिनेटच्या प्रांताचा अधिकारी प्रोकॉन्सल असे, त्यामुळे हे पद नेमक्या त्याच काळाला जुळते. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखाच्या तुकड्यांत क्लौद्याचे एक पत्र कोरलेले आहे. त्यात गल्लियोचे नाव आहे, आणि सम्राटाच्या किताबांवरून ते पत्र इ.स. ५२ च्या सुमाराचे ठरते. पौलाच्या आयुष्याची सारी कालगणना आज या दगडावर उभी आहे. थेस्सलनीकाच्या नगराधिकाऱ्यांना लूक 'पोलितार्ख' म्हणतो. हे स्थानिक पदनाम त्या शहराच्या वेशीवरच्या लेखात आढळले, आणि तो लेख आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लूक, किंवा त्याला माहिती देणारा कोणी, या शहरांतून हिंडलेला होता. बेथलेहेमच्या बाबतीत त्याला तसा आधार नव्हता.

बखरीतला मजकूर अस्सल पत्रांवर घासून पाहण्याची सवय मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना राजवाड्यांच्या काळापासून आहे, आणि मी इथे तीच वापरतो. पौलाची पत्रे ही या विषयातली अस्सल पत्रे आहेत. आपण केफाकडे, म्हणजे प्रेषित पेत्राकडे, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो, असे तो गलतीकरांना स्वतः लिहितो. याच याकोबाला यरुशलेमात दगडमार झाल्याची नोंद योसेफस इ.स. ६२ च्या घटनांत करतो. येशू नावाचा माणूस होऊनच गेला नाही, हे मत मला याच कारणाने टिकणारे वाटत नाही.

यानंतर पुनरुत्थानाचा प्रश्न येतोच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, येशू पुन्हा जिवंत होऊन दिसल्याचे सांगणाऱ्या, शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या सायनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत नाहीत. त्या नंतर जोडल्या गेल्या, हे मी वर्गात स्पष्ट सांगतो. त्याच वेळी, ज्यांना येशू दिसला त्यांची यादी पौल करिंथकरांना इ.स. ५५ च्या सुमारास लिहितो आणि ती आपल्याला आधीच्यांकडून मिळाली असे सांगतो, हेही सांगतो. मृत्यूनंतर येशू दिसला असे त्याचे अनुयायी फार लवकर म्हणू लागले, इथपर्यंत इतिहासकार पोहोचतो. कबरेत काय घडले, यावर माझा विश्वास आहे. तो दस्तऐवजांनी सिद्ध करता येईल, असे मी कोणाला सांगत नाही.

मागच्या नाताळला लूकचे वाचन पुन्हा माझ्याकडे आले. क्विरीनियाचे वाक्य न गाळता मी ते सगळे वाचले, आणि पुढच्या रविवारी तरुणांच्या वर्गात योसेफसचा उतारा त्या वाक्याशेजारी ठेवला.